स्टुलाची गोष्ट

"...रविवार होता. की शनिवार? शनिवारच. नाही नाही, रविवारच, कारण नळाला पाणी उशिरा आलं होतं," मुकादम म्हणाले आणि मान तिरपी करून, डोळे अर्धवट मिटून छताकडे बघत राहिले. "हां. तर आमच्याकडे एक स्टूल आहे. तीन पायांचं. म्हणजे पाय चारच, पण एक आखूड. आखूड म्हणजे किती, तर..."

उशीचे बारा अभ्रे कमी आले म्हणून भांडायला आलेली नवी सिस्टर भांडण विसरून हसायला लागली. इस्त्रीच्या रोलरवरच्या मावशींनी हे निदान शंभरदा ऐकलेलं होतं, तरी त्यांनी तोंडावर हात धरला.

"तर आधी मी खाली कागदाची घडी घातली. वर्तमानपत्राची. कालच्या नव्हे, परवाच्या. ती बसेना. मग पुठ्ठा घातला. पुठ्ठा दोन दिवस टिकला, मग दबला. मग मी म्हटलं, रबर! जुन्या चपलेचं रबर घ्यावं. आता चपला आमच्याकडे दोन जोड..."

इथे मुकादम नेहमी नक्कल थांबवत. डोळे उघडत, मान सरळ करत आणि स्वतःच्या खणखणीत आवाजात म्हणत, "तेव्हा मी याला म्हटलं, अरे बाबा, तुझ्या बायकोला झोपेच्या गोळ्या लागत नसतील!"

सिस्टरला ठसका लागला. डोळे पुसत तिने विचारलं, "पण हा माणूस कोण, मुकादम?"

मुकादमांनी हनुवटीने समोर दाखवलं. हात मोकळे नव्हते ना. हे सगळं चाललं होतं तेव्हा त्यांच्या हातात एका चादरीचे दोन कोपरे होते आणि उरलेले दोन कोपरे गोष्टीच्या मालकाच्या हातात होते. तो हसला, म्हणजे ओठ जरा बाजूला सरकले, आणि त्याने चादरीला हलकासा झटका दिला. त्याचा अर्थ, चला, पुढची घ्या.

"हे? हे एवढं बोलायचे?" सिस्टर म्हणाली.

"एके काळी! आता वयानं शहाणा झालाय. आता याला आम्ही मौनी म्हणतो."

अभ्र्यांचा विषय निघालाच नाही. सिस्टर हसत वर गेली आणि बारा अभ्रे कमीच राहिले. मुकादमांनी चौतीस वर्षं धुलाई विभाग चालवला तो असा.

हा विभाग हॉस्पिटलच्या तळघरात होता. वर माणसं जन्मत आणि मरत, खाली त्यांच्या चादरी येत. धुणारी मशिनं एका खोलीत, वाफेचा मोठा रोलर दुसऱ्या खोलीत आणि मधे लांबलचक घडीचं टेबल. रोजच्या सहाशे चादरी. मोठ्या चादरीची घडी एकट्याला नीट घालता येत नाही, तिला दोन माणसं लागतात. दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे, मागे सरून ताणायचं, झटका द्यायचा, दुमडायचं आणि मग एकमेकांच्या दिशेने चालत यायचं. मधे भेटलं की एकाने आपले कोपरे दुसऱ्याच्या हातात द्यायचे. मुकादमाने हे काम करायची गरज नव्हती, पण माणसं कायम कमी असायची. त्यामुळे मुकादम आणि मौनी ही जोडी बावीस वर्षं रोज शेकडो वेळा समोरासमोर चालत येत होती. इतक्या वेळा तर मुकादम स्वतःच्या बायकोच्याही समोर आले नव्हते.

मुकादमांचं तोंड हे हॉस्पिटलचं वैभव होतं. वरच्या मजल्यावरची माणसं निमित्त काढून खाली यायची. त्यांनी ठेवलेली नावं इमारतभर चालायची. प्रत्येक अर्जाला 'जरा थांबा' म्हणणाऱ्या साहेबांचं नावच 'जरा थांबा' पडलं होतं. मेट्रनबाईंचं नाव 'हवामान खातं', कारण त्या दिसल्या की सगळे आज काय अंदाज आहे ते एकमेकांना विचारत. बॉयलरवाला विड्या ओढायचा, तो 'धुराडं'. रोलरवरच्या मावशींना सगळ्यांची सगळी खबर असायची, त्या 'पोलीस चौकी'. नाव मिळालं नाही तर माणसाला चुकल्यासारखं वाटे. लागलं कुणाला? कुणालाच नाही. सगळे हसायचे, आणि ज्याच्यावर हसायचे तोही हसायचा. मुकादमांना एवढा पुरावा पुरेसा होता.

आज त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. दुपारी चहा, साहेबांचं भाषण, एक घड्याळ. घड्याळ मिळणार हे मावशींनी महिनाभर आधीच फोडलं होतं.

पण मुकादमांच्या मनात एक काटा होता. तो सकाळी घरी बायकोच्या बोलण्याने वर आला होता. बायको दाराशी उभी राहून म्हणाली होती, "आज जाताना कुणाचं काही मनात ठेवू नका. कुणाला दुखावलं असेल तर सांगून टाका, मोकळे व्हा. उद्यापासून तुम्ही घरी असणार, मला तो चेहरा बघायचाय."

"मी कुणाला दुखावलंय?" मुकादम म्हणाले. आणि बूट घालता घालता त्यांना ती थप्पड आठवली.

खरं तर ती ते विसरले कधी नव्हतेच. बारा वर्षांपूर्वी रोलर चालू असताना एक चादर गोळा होऊन अडकली आणि मौनीने ती ओढायला सरळ हात घातला. रोलर असा की चादरीला सुरकुती ठेवत नाही आणि हाताला बोटं. मुकादमांनी त्याला मागून ओढला आणि सगळ्यांदेखत गालावर अशी ठेवून दिली की वाफेच्या आवाजातही ती ऐकू आली. गाल दोन दिवस सुजला. तिसऱ्या दिवशी एक दाढ पडली.

ती दाढ मुकादमांच्या जिवाला लागली. आयुष्यात त्यांनी उगारलेला तो एकच हात. पोटच्या पोरांनाही त्यांनी कधी मारलं नव्हतं, नुसतं बोलून सरळ केलं होतं. तेव्हापासून ते मौनीसमोर काही कडक खात नसत. शेंगदाणे असले तर खिशातच राहत. दर सहा महिन्यांनी ते सहज विचारल्यासारखं विचारत, "दात बरे आहेत ना रे?" मौनी मान हलवी. ती मान हो म्हणते की नाही, हे बारा वर्षांत त्यांना नक्की कळलं नव्हतं. त्यांच्या मते त्या थप्पडेनेच मौनी मिटला होता. तसा तो थप्पडेच्या आधी दहा वर्षं मिटलेला होता, पण मुकादमांचा हिशेब तसा जुळत नव्हता आणि त्यांनी तो कधी तपासलाही नव्हता.

तर आज माफी मागायची हे ठरलं. मारलं सगळ्यांदेखत, तर माफीही सगळ्यांदेखत. सकाळभर चादरी दुमडताना ते मनातल्या मनात भाषण जुळवत होते. मधूनमधून स्वतःच्याच वाक्यांनी ते हेलावून जात होते. समोर मौनी कोपरे धरून येत होता, जात होता.

दुपारी टेबल मोकळं केलं, त्यावर धुतलेली चादर अंथरली, कपबश्या मांडल्या. साहेब आले. "मुकादमांबद्दल बोलायचं तर... जरा थांबा," म्हणून त्यांनी चष्मा शोधला आणि कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. साहेबांनी भाषण वाचलं. घड्याळ दिलं. टाळ्या झाल्या.

मुकादम उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला, तेवढ्यानेच चार जण हसले.

"हसू नका, आज मी गंभीर आहे," मुकादम म्हणाले. यावर आणखी सहा जण हसले. "चौतीस वर्षांत माझ्या हातून एकच पाप घडलं. मी एका माणसावर हात उचलला. त्याची दाढ गेली. तो माणूस इथेच आहे. त्यानं कधी तक्रार केली नाही, साहेबांकडे गेला नाही, त्या दिवसापासून गप्पच झाला. आज मी सगळ्यांसमोर त्याची हात जोडून माफी मागतो."

त्यांनी खरोखर हात जोडले. मावशींनी डोळे टिपले, धुराड्याने विडी कानामागे खोचली. मौनी कोपऱ्यात बशीत चहा ओतत होता, त्याच्याकडे सगळे वळले तसा तो दचकला आणि बशी सांभाळत उभा राहिला.

"कोणती?" त्याने विचारलं.

"काय कोणती?"

"दाढ."

"अरे, कोणती काय! रोलरपाशी मी थप्पड मारली ती!"

"अच्छा, ती," मौनी म्हणाला. त्याने थोडा विचार केला. "ती हलतच होती हो. काढायला जायचंच होतं मला. तुम्ही काढली, माझी एक खेप वाचली."

हशाचा असा गडगडाट झाला की वरून एक वॉर्डबॉय काय झालं म्हणून डोकावला. साहेबांच्या हातून हसताना चहा सांडला. मौनीला कळेना की एवढं काय झालं. "आणि हातही वाचला," तो हळूच म्हणाला. "मारलंत ते बरंच झालं की." पण हे कुणाला ऐकू गेलं नाही.

मुकादमांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडलाही, पण अर्धाच. बारा वर्षं शेंगदाणे खिशात ठेवले ते कशासाठी, हा प्रश्न होताच. शिवाय आजच्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा दुसऱ्याने नेला, आणि तोही मौनीने, हे त्यांच्यासारख्या कलावंताला झोंबलं.

त्यामुळे साहेब जेव्हा म्हणाले, "मुकादम, आता ते स्टूल होऊन जाऊ द्या, शेवटचं!" तेव्हा मुकादमांनी आढेवेढे घेतले नाहीत. सगळ्यांनी टेबलावर ताल धरला, "स्टूल! स्टूल!" मुकादमांनी मान तिरपी केली, डोळे अर्धवट मिटले.

"...रविवार होता. की शनिवार?"

"हे नको," मौनी म्हणाला.

तो अजून उभाच होता. बशी हातातच होती.

"काय?" मुकादमांनी डोळे उघडले.

"हवं तर ती थप्पड पुन्हा मारा," मौनी म्हणाला. आवाज नेहमीसारखाच खालचा होता. "हे नको."

धुराडं एकटंच मोठ्याने हसलं. त्याला वाटलं, हा दुसरा विनोद. मग कुणीच हसत नाही हे बघून त्याने कानामागची विडी काढली आणि तिच्याकडे बघत बसला. मौनी खाली बसला आणि चहा प्यायला. साहेबांना एकदम एक बैठक आठवली.

निरोपसमारंभ संपला. पण तीन वॉर्डांच्या चादरी पडून होत्या, आणि संध्याकाळी माणसं त्याच खाटांवर झोपायची होती. निवृत्त होणाऱ्या माणसाला कुणी शेवटच्या दोन तासांत काम सांगत नाही. पण जोडी दुसरी नव्हती. मुकादमांनी घड्याळाची पेटी कपाटावर ठेवली आणि टेबलापाशी जाऊन कोपरे धरले. मौनी समोर होताच.

दहा-बारा चादरी तशाच झाल्या. मुकादमांच्या तोंडाला इतका वेळ कुलूप असल्याचं तिथल्या भिंतींनाही आठवत नसेल. तोंड गप्प राहिलं तशी त्यांना इतक्या वर्षांत कधीच न सुचलेली एक साधी गोष्ट सुचली. बावीस वर्षं ही गोष्ट आपण सांगतोय, पण ती चपलेच्या रबरापर्यंतच आपल्याला येते.

"मौनी," ते म्हणाले, "पुढे काय होतं रे?"

"कशाच्या?"

"स्टुलाच्या."

मौनीने चादर ताणली. झटका दिला. दोघे चालत मधे आले, त्याने कोपरे घेतले, घडी टेबलावर ठेवली, पुढची चादर उचलली. दोघे मागे सरले.

"पुढे फार नव्हतं," तो म्हणाला. "रबर बसलं. मग ते हलेना. मग त्याला धरून पोरगी उभी राहिली. पहिल्यांदा. आणि सोडून दोन पावलं चालली."

मुकादमांच्या बाजूची चादर सैल पडली.

"ती रोज त्यालाच धरून उठायला बघायची. ते डुगडुगायचं, की ही पडायची. कागद घातला तरी डुगडुगायचं. म्हणून तर मी एवढं..." मौनीने वाक्य सोडून दिलं. "तेच सांगत होतो."

"अरे मग हे आधी नाही का सांगायचं!" मुकादम जवळजवळ ओरडले. "पोरगी चालली, हे आधी सांगायचं! स्टुलाचे पाय काय मोजत बसलास?"

"शेवटी सांगणार होतो," मौनी म्हणाला. "म्हटलं, तुम्ही सगळे म्हणाल, आधी का नाही बोललास. मजा येईल."

रोलर फुसफुसत होता. मावशी तिकडे तोंड करून उभ्या होत्या आणि चौकीचे दोन्ही कान इकडे होते. मुकादमांना काहीतरी बोलायचं होतं.

"मी थट्टेत म्हणालो होतो रे ते गोळ्यांचं," शेवटी ते म्हणाले.

"माहितेय की. मीही हसलो होतो." मौनीने चादर दुमडली. "त्या दिवशी संध्याकाळी घरी गेलो. हिला काहीतरी सांगत होतो, भाजी आणलेली असेल, तसलंच काही. सांगताना बघितलं, तर ही डोळे मिटून बसलेली. दमली असेल हो. दिवसभर अंगावरचं पोर. रोजच तशी बसत असेल, मी आधी कधी बघितलं नव्हतं." तो थांबला. "मग म्हटलं, राहू दे."

"आणि मग?"

"मग राहिलं."

मुकादमांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवलं नाही, हातात कोपरे होते त्यामुळे लपवता आलंही नसतं. सकाळी स्वतःच्या भाषणाने ते हेलावत होते, त्यापेक्षा हे निराळं होतं आणि फार वाईट होतं. थप्पडेची त्यांनी बारा वर्षं आठवण ठेवली होती. याची त्यांनी प्रत्येक नव्या सिस्टरला नक्कल करून दाखवली होती.

"चुकलो मी," ते म्हणाले. "फार चुकलो."

मौनीने मान हलवली. हो की नाही, ते याही वेळी कळलं नाही.

त्यांनी आणखी चादरींच्या घड्या घातल्या. मुलांच्या वॉर्डाच्या संपल्या, बायकांच्या वॉर्डाच्या निघाल्या. मुकादमांनी मधेच विचारलं, "पोरगी आता केवढी झाली?"

"तेवीसची. लग्न झालं मागच्या वर्षी."

"येते का?"

"येते ना. महिन्यातून एकदा येते. आईशी पुष्कळ बोलते. दोघींचं हसणं बाहेर ऐकू येतं." त्याने चादरीचा एक दाग निरखला, पुसट होता, चालण्यासारखा. "मी आपला बाहेर बसतो. ती जाताना पाया पडते."

मुकादम कोपरे धरून मधे आले आणि तिथेच थांबले. कोपरे त्यांनी सोडले नाहीत.

"तिला हे सांगितलंयस का कधी? स्टुलाचं?"

"नाही."

"अरे, सांग तिला. या खेपेला आली की सांग. पहिल्यापासून सांग, कागद, पुठ्ठा, सगळं."

मौनीने याचा खरोखर विचार केला. मग त्याने संकोचून इकडेतिकडे बघितलं.

"नको हो," तो म्हणाला. "लांबेल ते."

आणि कोपरे घ्यायला त्याने हात पुढे केले.